आभार मानणाऱ्याची तक्रार



पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूला इजा होऊन ज्याचं कमरेखालचं शरीर लुळं पडलं आहे, वैद्यक ज्याला पॅराप्लेजिक म्हणतं, अशा माणसाने चार लोकांसमोर बोलावं ते कशाबद्दल? आपल्याकडे याचं उत्तर न विचारताच ठरलेलं आहे. दरवर्षी ३ डिसेंबरला, जागतिक अपंग दिनी, तालुक्यातालुक्यांत कार्यक्रम होतात. व्हीलचेअरचं वाटप होतं, फोटो निघतात आणि खुर्चीत बसलेल्या माणसासमोर माईक धरून सांगितलं जातं, ‘दोन शब्द बोला.’ ते दोन शब्द आभाराचे असणार, हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं असतं. समजा, त्याने मनापासून आभार मानले आणि त्याच दमात विचारलं की, खुर्ची मिळाली, पण ती घेऊन ग्रामपंचायतीच्या पायऱ्या कशा चढायच्या? आमच्या वाडीत नळाला चार दिवसांनी पाणी का येतं? आरोग्य उपकेंद्र कुलूपबंद का असतं? तर सभेत चुळबुळ सुरू होते. एवढं दिलं तरी याचं समाधान नाही, असं कोणीतरी पुटपुटतं. आज मला या पुटपुटण्याचाच विचार करायचा आहे. आभार आणि तक्रार एकाच तोंडातून निघाली की आपल्याला खटकतं. का खटकतं? माझं म्हणणं असं आहे की या माणसाची तक्रार त्याच्या कृतज्ञतेतूनच येते. आभार खरे असतील तर ते मागणीपर्यंत पोहोचतातच. हे मला आज टप्प्याटप्प्याने मांडायचं आहे, आणि यावर जे आक्षेप घेतले जातात त्यांनाही उत्तर द्यायचं आहे.

सुरुवात थोडी मागून करू. अर्धं शरीर लुळं पडलेला माणूस दीर्घकाळ जगतो, ही गोष्ट मानवी इतिहासात अगदी नवी आहे. पहिल्या महायुद्धात मज्जारज्जूला गोळी लागलेले बहुतेक सैनिक काही आठवड्यांत किंवा महिन्यांत दगावले. ते मूळ जखमेने गेले नाहीत. एका कुशीवर पडून राहिल्याने झालेल्या बेडसोअरमुळे आणि मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गामुळे गेले. अशा रुग्णाला औषधाची गुंगी द्यावी आणि वाट पाहावी, एवढंच तेव्हाच्या डॉक्टरांना सुचत होतं. जर्मनीतून निर्वासित होऊन इंग्लंडमध्ये आलेले ज्यू डॉक्टर लुडविग गुटमन यांनी १९४४ साली स्टोक मँडेव्हिल इथे या रुग्णांसाठी स्वतंत्र विभाग सुरू केला आणि ही समजूत मोडून काढली. त्यांचे उपाय ऐकायला साधे आहेत. दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलायची, रात्रीसुद्धा. मूत्राशय वेळच्या वेळी आणि स्वच्छ रीतीने रिकामं करायचं. आणि माणूस बसता झाला की त्याला कामाला, खेळाला लावायचं. २९ जुलै १९४८ रोजी त्यांनी रुग्णालयाच्या हिरवळीवर तिरंदाजीची स्पर्धा घेतली. सोळा जण होते. आजच्या पॅरालिम्पिकचा उगम तिथला. आपल्याकडे पुण्याजवळ खडकीला १९७४ पासून जायबंदी जवानांसाठी पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र चालतं. एव्हरेस्टवर जाऊन आलेले आणि १९६५च्या युद्धात मणक्यात गोळी लागलेले मेजर हरिपाल सिंग अहलुवालिया यांनी स्टोक मँडेव्हिलला उपचार घेतले आणि पुढे दिल्लीत इंडियन स्पायनल इंज्युरीज सेंटर उभं केलं. म्हणजे ही सगळी कहाणी आठ दशकांची आहे. त्यापूर्वी हा माणूस बोलण्याइतका जगतच नव्हता. म्हणून त्याचं बोलणं ऐकायची रीतही समाजाला अजून पुरती लागलेली नाही, असं मला वाटतं.

आता हे जगणं कशावर उभं असतं ते पाहा. दर दोन तासांनी कूस बदलायची म्हणजे ती कोणीतरी बदलायची. पहिल्या काही महिन्यांत तरी रात्रभर कोणाची तरी झोप मोडायची. दर चार-सहा तासांनी कॅथेटर, शौचाची ठरलेली वेळ, पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर, त्वचेवर कुठे लाली आली आहे का हे रोज आरशात बघणं. जिथे संवेदनाच नाही तिथे चटका बसला, खिळा टोचला, बूट घट्ट झाला तरी कळत नाही. पुष्कळ जण हे सगळं पुढे स्वतः शिकतात आणि स्वतः करतात. पण सुरुवातीच्या काळात, आणि आजारपणात पुन्हा, हे काम आई करते, बायको करते, बहीण करते. रुग्णालयात परिचारिका करते, वॉर्डबॉय करतो. याबद्दल जी कृतज्ञता वाटते ती लाचारी आहे, असं म्हणणारे काही कार्यकर्ते आहेत. मी त्यांच्याशी सहमत नाही. हक्काची भाषा शिकताना आभाराची भाषा टाकून द्यावी लागते, हा समज चुकीचा आहे. आपण सगळेच दुसऱ्यांच्या हातांवर जगतो. पॅराप्लेजिक माणसाला ते रोज दिसतं आणि आपल्याला ते विसरता येतं, एवढाच फरक. ज्याला ते दिसतं त्याने ते बोलून दाखवलं तर त्यात कमीपणा कसला? उलट, समाज कोणाच्या श्रमावर चालतो याची सर्वात अचूक साक्ष तोच देऊ शकतो.

पण आभार कोणाचे आणि कशाबद्दल, हा प्रश्न इथे येतो, आणि माझ्या मते सगळी गोम इथेच आहे. एखाद्या कार्यालयाच्या आठ पायऱ्या आहेत. चार माणसं पुढे होतात, खुर्ची उचलून वर नेतात. त्या चौघांचे आभार मानायलाच हवेत. त्यांनी स्वतःची पाठ पणाला लावली. पण आठ पायऱ्या बांधून उतार न ठेवणाऱ्या कार्यालयाचे आभार कशाबद्दल? आपल्याकडे नेमकं हेच होतं. चौघांच्या वाट्याचे आभार कार्यालय आपल्या खात्यावर जमा करून घेतं. ‘आम्ही मदत करतो ना, आमची माणसं उचलून आणतात,’ असं सांगितलं जातं, आणि एका माणसाचा चांगुलपणा दुसऱ्याच्या कर्तव्यच्युतीवर पांघरूण बनतो. अमेरिकेतल्या ज्युडी ह्यूमन यांनी या दुखण्यावर अचूक बोट ठेवलं होतं. पोलिओमुळे त्या लहानपणापासून व्हीलचेअरवर. १९७७ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी इमारतीत अपंगांनी तीन आठवड्यांहून अधिक काळ ठिय्या दिला, त्याच्या त्या एक प्रमुख. पुढे त्यांनी एकदा उद्वेगाने विचारलं की, वापरता येईल असं स्वच्छतागृह मिळालं म्हणूनही मी आभारच मानायचे असतील, तर मी बरोबरीची होणार कधी? या प्रश्नात माणसांबद्दलची कृतघ्नता कुठेही नाही. व्यक्तीने जे स्वेच्छेने दिलं त्याचे आभार, आणि व्यवस्थेने जे द्यायलाच हवं त्याचा हिशेब. या दोन वेगळ्या वह्या आहेत.

स्वच्छतागृहाचा विषय निघाला आहे तर त्यावर थोडं थांबतो, कारण सभ्य सभांमध्ये तो टाळला जातो आणि तो टाळल्यामुळे माणसं आजारी पडतात. दर चार-सहा तासांनी ज्याला मूत्राशय रिकामं करावं लागतं, तो बाहेर पडताना पहिला विचार याचा करतो. बस स्थानकावर, न्यायालयात, बाजारात, महाविद्यालयात खुर्ची आत जाईल असं स्वच्छतागृह नसेल तर तो काय करतो? सकाळपासून पाणी पीत नाही. पाणी कमी, म्हणून लघवी कोंडलेली आणि दाट, म्हणून जंतुसंसर्ग, आणि असं वर्षानुवर्षं होत राहिलं की मूत्रपिंडावर ताण. एके काळी या माणसांच्या मृत्यूचं एक प्रमुख कारण मूत्रपिंड निकामी होणं हेच होतं. दार ९० सेंटीमीटर रुंद असणं, आत खुर्ची वळवायला जागा असणं, भिंतीला आडवा दांडा असणं, या गोष्टी म्हणजे सोयीसुविधा नव्हेत. गुटमन यांनी रुग्णालयात जे साधलं ते रुग्णालयाबाहेर टिकवायचं तर यांची गरज आहे. डॉक्टरांनी वाचवलेला माणूस बस स्थानकाने आजारी पाडायचा, आणि त्याने डॉक्टरांचे आभार मानून बस स्थानकाबद्दल गप्प बसायचं, याला कोणता न्याय म्हणायचा?

आणि कायदा काय सांगतो? भारताने अपंगांच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करारनामा १ ऑक्टोबर २००७ रोजी मान्य केला. त्यानुसार २०१६चा अपंग व्यक्ती हक्क कायदा आला आणि २०१७ साली त्याचे नियम आले. सध्याच्या सर्व सार्वजनिक इमारती नियम लागू झाल्यापासून पाच वर्षांत वापरण्याजोग्या कराव्यात, असं कायद्याच्या पंचेचाळिसाव्या कलमात आहे. ही मुदत जून २०२२ मध्ये संपली. आपापल्या गावातली तलाठी कचेरी, पोलीस ठाणं, नाट्यगृह डोळ्यांसमोर आणा आणि तुम्हीच ठरवा. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी यांच्या याचिकेवर निर्णय देताना सांगितलं की, सुगमतेचे नियम नुसते मार्गदर्शक सूचनांसारखे ठेवणं मूळ कायद्याच्या विरोधात आहे. केंद्राने तीन महिन्यांत बंधनकारक नियम करावेत, असा आदेशही दिला. कायदा झाला, नियम झाले, मुदत टळली, न्यायालयाला पुन्हा बजावावं लागलं. आणि हे सगळं हललं ते कोणीतरी तक्रार घेऊन गेलं म्हणून.

आता माझ्या प्रतिपादनाच्या गाभ्याशी येतो. पॅराप्लेजिक माणूस ज्यांचे आभार मानतो, त्यांच्यावरचा भार कमी कसा होणार? आईची पाठ दुखते, कारण तिला मुलाला उचलावं लागतं. उचलावं लागतं, कारण घराच्या दाराला दोन फुटांचं जोतं आहे आणि उतार नाही. बायको नोकरी सोडते, कारण नवरा बँकेत, दवाखान्यात, मतदानाला एकटा जाऊ शकत नाही. एकटा जाऊ शकत नाही, कारण बसमध्ये चढता येत नाही. म्हणजे सार्वजनिक जागेत जी सोय नाही, तिची किंमत घरातली बाई स्वतःच्या शरीराने भरते. आणि बहुतेक वेळा ती बाईच असते, हे इथे स्पष्ट म्हटलं पाहिजे. अशा वेळी ‘आई, तुझे उपकार कसे फेडू?’ असं म्हणून डोळे पुसणं ही कृतज्ञता झाली, पण ती अपुरी. त्या मुलाने नगरपालिकेत जाऊन उताराची मागणी केली तर ते उपकार फेडण्याच्या दिशेने पडलेलं पहिलं पाऊल असतं. एक फूट उंची चढायला बारा फूट लांबीचा उतार लागतो, हे गणित ज्याने पाठ केलं, त्याने आईच्या पाठीचा विचार केला. म्हणून मी म्हणालो की तक्रार कृतज्ञतेतून येते. जो काहीच मागत नाही, तो आपल्या माणसांचे कष्ट आहेत तसेच चालू देतो.

यावर पहिला आक्षेप आपल्या संस्कारांतून येतो. संतांनी समाधान शिकवलं. देवाने ठेवलं तसं राहावं, कुरकुर करू नये. मला या परंपरेचा आदर आहे आणि म्हणूनच ती अर्धी सांगितली जाऊ नये असं वाटतं. आपल्या संतांनी विठ्ठलाचे आभार मानले तसे त्याच्याशी भांडणही केलं. जनाबाई ज्या विठ्ठलाला दळणकांडणाला हाताशी घेते, त्यालाच खडसावतेही. नामदेव रुसतात. तुकोबांनी तर दांभिकांची, लुबाडणाऱ्यांची हजेरी घेताना जीभ आवरलेली नाही. समाधान त्यांनी स्वतःच्या भोगाबद्दल सांगितलं. शेजाऱ्यावरचा अन्याय पाहून समाधानी राहा, असं कोणी सांगितलं? पॅराप्लेजिक माणूस स्वतःच्या शरीराशी समेट करू शकतो, अनेक जण तो फार मोठ्या मनाने करतात. पण शरीराशी केलेला समेट म्हणजे पायऱ्यांशी केलेला समेट नव्हे. मज्जारज्जू आज तरी जोडता येत नाही. पायरी मात्र माणसाने बांधलेली असते.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. तक्रार केली की मदत करणारे दुरावतात, देणगीदार नाराज होतात, संस्था बंद पडतात. हा आक्षेप मी हलका मानत नाही. ज्याचं रोजचं जगणं दुसऱ्याच्या हातावर आहे, त्याला हे भय खरंच असतं. ते भय बाजूला ठेव, असं त्याला सांगण्याचा अधिकार दोन पायांवर उभ्या असलेल्या माणसाला नाही. पण याच कारणासाठी मी म्हणतो की मदत माणसांच्या मर्जीवर सोडता कामा नये. मर्जीवर जगणारा माणूस बोलू शकत नाही, आणि बोलू शकत नाही म्हणून मर्जीवरच जगतो. हे चक्र हक्काने तुटतं. रॅम्प कोणावर रुसत नाही. आणि प्रत्यक्ष अनुभवही या भीतीला पुरता दुजोरा देत नाही. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक तरुणपणीच पॅराप्लेजिक झाल्या. स्वतः व्हीलचेअरवर असलेल्या बाबूकाका दिवाण यांच्या भेटीने त्यांना उभारी मिळाली. ‘चाकाची खुर्ची’ हे त्यांचं आत्मकथन मराठी वाचकांना परिचित आहे. त्यांनी सहकाऱ्यांसह ‘हेल्पर्स ऑफ द हॅन्डिकॅप्ड’ संस्था उभारली, अपंग मुलांसाठी वसतिगृह काढलं, सिंधुदुर्गात काजू प्रक्रियेचा उद्योग उभा केला. ज्यांनी हात दिला त्यांचं ऋण मानत मानतच हे झालं, आणि दारोदार जाऊन मागत मागतच झालं. ऋण मान्य करणाऱ्या बाईची मागणी लोकांनी ऐकली. मला वाटतं, ती अधिकच ऐकली.

तिसरा आक्षेप पैशाचा. देश गरीब आहे, इतक्या थोड्या लोकांसाठी एवढा खर्च कशाला? थोडे म्हणजे किती? २०११च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या, त्यांत महाराष्ट्रात २९ लाखांहून अधिक. मज्जारज्जूची इजा घेऊन जगणारी माणसं जगभरात दीड कोटीहून जास्त आहेत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. खर्चाचं म्हणाल तर इमारत बांधतानाच उतार आणि रुंद दार ठेवलं तर वाढीव खर्च नगण्य असतो. नंतर फोडून करायला गेलं की तो डोईजड होतो. म्हणजे महाग पडतो तो आपला उशीर. या ठिकाणी बहुधा असंही सांगितलं जातं की उताराचा फायदा म्हाताऱ्यांना, गरोदर बायकांना, सामान ओढणाऱ्यांनाही होतो. ते खरं आहे. पण मला त्यावर फार भर द्यायचा नाही. दुसऱ्यांनाही उपयोग आहे म्हणून तुझा हक्क मान्य, अशी अट घातलेला हक्क कच्चा असतो. आणि पैसा नसतो हेही पूर्ण खरं नाही. २००१ साली स्टीफन हॉकिंग दिल्लीला आले, तेव्हा त्यांच्यासाठी ऐतिहासिक वास्तूंना लाकडी रॅम्प लागले. ते लागावेत म्हणून जावेद आबिदी आणि त्यांचे सहकारी भांडले होते. पाहुण्यासाठी जे काही दिवसांत होतं, ते नागरिकासाठी वर्षानुवर्षं का होत नाही?

जावेद आबिदींचं नाव आलं. ते २०१८ साली गेले. जन्मतःच मणक्याचा दोष असल्याने ते व्हीलचेअर वापरत. त्यांच्या कामाचा एक विशेष मला फार महत्त्वाचा वाटतो. ते फक्त स्वतःच्या गैरसोयीबद्दल बोलले नाहीत. विमानतळावरच्या सोयींसाठी ते सर्वोच्च न्यायालयात गेले, हे खरं. पण २००१च्या जनगणनेत अपंगत्वाचा प्रश्न यावा म्हणूनही ते झगडले, आणि २००४च्या लोकसभा निवडणुकीत मतदान केंद्रांवर रॅम्प हवेत यासाठीही. जनगणना आणि मतदान, म्हणजे मोजलं जाणं आणि मत देणं. लोकशाहीचे हे दोन पाये आहेत, आणि त्यांची आठवण देशाला एका व्हीलचेअरवरच्या माणसाने करून दिली. मुंबईच्या डॉ. केतना मेहता स्वतः पॅराप्लेजिक. त्यांनी २००१ मध्ये नीना फाउंडेशन सुरू केलं आणि मज्जारज्जूची इजा झालेल्यांचा आवाज म्हणून एक नियतकालिकही चालवलं. गोव्यातले लेखक सलील चतुर्वेदी यांचं उदाहरण आणखी वेगळं. २०१६ साली पणजीच्या चित्रपटगृहात राष्ट्रगीताच्या वेळी ते उभे राहिले नाहीत म्हणून त्यांना मागून मारलं गेलं. उभं राहणं त्यांना शक्यच नव्हतं. ते या घटनेबद्दल जाहीरपणे बोलले. त्यात स्वतःच्या दुखापतीपेक्षा आपल्या सार्वजनिक जीवनात शिरलेल्या आक्रमकतेची चिंता मोठी होती. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये, अपंग व्यक्तींना उभं राहण्याची सक्ती नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं.

इथे मला थोडं विषयांतर करू द्या. वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात सुरू केली, तेव्हापासून मराठी समाजाला व्याख्यानांची हौस आहे आणि गावोगाव सभागृहं आहेत. अलीकडे त्यातल्या काहींच्या प्रवेशद्वाराशी रॅम्प आलेला दिसतो. चांगलं झालं. पण व्यासपीठाकडे बघा. तिथे चार-पाच पायऱ्या असतात, बाजूला एक अरुंद जिना असतो. याचा अर्थ असा होतो की व्हीलचेअरवरचा माणूस आला तर तो ऐकायला येईल, बोलायला येईल ही कल्पनाच वास्तुशिल्पकाराच्या मनात आली नाही, आणि ती करायला आपणही त्याला सांगितलं नाही. ज्याला समाजाने श्रोता म्हणून मोजलं आणि वक्ता म्हणून मोजलं नाही, त्याच्याकडून आपण फक्त आभारांची अपेक्षा करतो यात नवल काय?

त्याने बोलावं अशा गोष्टी गावात कमी आहेत का? आपल्या देशात मज्जारज्जूच्या इजेची दोन मोठी कारणं आहेत, उंचावरून पडणं आणि रस्त्यावरचे अपघात. कठडा नसलेली गच्ची, बांधकामावरची कच्ची परांची, दोर न बांधता चढलेलं नारळाचं झाड, अंधारा वळणरस्ता. आणि अपघातानंतर घाईघाईने हातपाय धरून उचललेला, रिक्षात कोंबलेला जखमी. मान आणि पाठ स्थिर न ठेवता हलवल्याने अर्धवट इजा पुरती होऊ शकते, हे किती गावांत माहीत आहे? सपाट फळी, मान धरायला एक शांत माणूस, एवढं जरी झालं तरी एखाद्याचे पाय वाचू शकतात. हे गावाला सर्वांत अधिकाराने कोण सांगेल? ज्याच्यावर बेतलं तोच. यात अनुदानाची मागणी नाही, स्वतःसाठी काहीच नाही. ही सरळसरळ गावाची काळजी आहे. अशा माणसाला आपण वर्षातून एकदा हारतुरे देऊन घरी पाठवतो, तेव्हा गावाचंच नुकसान करतो.

चौथा आक्षेप कधीकधी पॅराप्लेजिक माणसांच्या घरातूनच येतो. बोलून काय होणार? यावर मी खोटी आशा दाखवणार नाही. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर १९६५च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात भारताचं पहिलं वैयक्तिक सुवर्णपदक त्यांनी जिंकलं. अर्जुन पुरस्कारासाठी त्यांनी पूर्वी केलेली मागणी मान्य झाली नव्हती. पद्मश्री २०१८ साली मिळाली, अर्जुन जीवनगौरव जानेवारी २०२५ मध्ये. देशाने त्यांना द्यायच्या कृतज्ञतेला निम्म्या शतकाचा उशीर झाला. याउलट, ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत व्हीलचेअरवरच्या कार्यकर्त्या विराली मोदी यांचं लग्न होतं. खारचं विवाह नोंदणी कार्यालय दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि अधिकारी खाली यायला तयार नाहीत. त्यांना उचलून वर न्यावं लागलं. त्यांनी ते दोन दिवसांत समाजमाध्यमावर मांडलं, आणि तेव्हाचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी दखल घेऊन सुधारणेचं आश्वासन दिलं. ज्यांनी उचललं त्यांच्याबद्दल त्यांच्या मनात काय असेल ते असो, पण उचलावं लागलं ही गोष्ट त्यांनी झाकली नाही. दोन्ही उदाहरणं खरी आहेत. बोलल्याने कधी दोन दिवसांत हलतं, कधी पन्नास वर्षं लागतात. न बोलल्याने हलल्याचं एकही उदाहरण मला माहीत नाही.

शेवटी एकच प्रश्न उरतो. मुंबईतल्या शिकलेल्या बाईचा आवाज उपमुख्यमंत्र्यांपर्यंत पोहोचतो. पाड्यावर झोपून असलेल्या, झाडावरून पडलेल्या तरुणाचा आवाज कुठे पोहोचेल? त्याच्यासाठी जागा आहे ती ग्रामसभा. महाराष्ट्रात ती वर्षातून किमान चार वेळा भरायलाच हवी. स्थानिक संस्थांनी आपल्या उत्पन्नाचे पाच टक्के अपंगांसाठी राखून ठेवायचे आहेत. तो निधी कुठे गेला, हे विचारायचं ठिकाणही तेच. पण ग्रामसभा माडीवर भरत असेल, किंवा देवळाच्या उंच ओट्यावर भरत असेल, तर तो तरुण तिथे येणार कसा? म्हणून माझी आपल्याला विनंती आहे. आपल्यापैकी जे सरपंच, ग्रामसेवक, नगरसेवक, शिक्षक असतील, त्यांनी पुढची सभा जमिनीलगत, खुर्ची येईल अशा जागी ठेवावी, सूचनापत्रात तसं लिहावं, आणि जो घरातून निघूच शकत नाही त्याचं म्हणणं घरी जाऊन लिहून आणून सभेत वाचून दाखवावं, पाण्याच्या प्रश्नावरचं, रस्त्यावरच्या दिव्यांबद्दलचं, शाळेबद्दलचं. त्याला कोणाचे आभार मानायचे असतील तर तेही त्याच कागदावर येतील, आणि इतिवृत्तात दोन्हींची नोंद व्हावी.